बिस्किटाला टेकलेला फासा

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ट्रेवरच्या तोफेचा गोळा क्लिफर्डच्या पलटणीवर पडला. सैनिक शिशाचे, बोटभर उंचीचे. सेनापती मात्र दोघेही सत्तरीपुढचे!

"हटव मागे!" ट्रेवर गरजला. "या तोफेचा गोळा लागला की पलटण हटतेच. माझ्या सैन्याच्या नियमपुस्तकात छापलंय!"

"माझी पलटण कधीच हटत नाही. तेही छापलंय, माझ्या पुस्तकात!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बीस्टनच्या आमच्या युद्धखेळ मंडळाचा मी अकरा वर्षं पंच. एकतीस कलमांची नियमावली माझीच. कुठलाही तंटा पाच मिनिटांत मिटवतो!

"कलम नऊ," मी म्हणालो. "दोन नियम भिडले, तर नव्या पुस्तकातला खरा."

"माझं नवं!" ट्रेवर.

"आणि कलम चौदा?" क्लिफर्डने चष्मा सरसावला. "एकाच पलटणीपुरता नियम सरसकट नियमावर मात करतो. तुझ्या सगळ्याच तोफा तसल्या. माझी पलटण एकुलती एक!"

दोघंही बरोबर होते. दोन्ही कलमांखाली सही माझी होती.

तेवढ्यात चर्चचा हॉल सांभाळणाऱ्या हॉलिसबाई दारात उगवल्या. "चार वाजता बाप्तिस्म्याचा चहा आहे. दोनदा उशीर केलात. आज चारच्या आत टेबल हललं नाही, तर पुढचे शनिवार योगवाल्यांना!"

मी घाईने कलम एकतीस काढलं: फासा टाका. चार किंवा वर क्लिफर्ड, तीन किंवा खाली ट्रेवर. टाकला. फासा घरंगळत गेला आणि ट्रेवरच्या बिस्किटाला तिरका टेकून राहिला, लग्नात जेवून लोडाला टेकलेल्या व्याह्यासारखा!

"तिरका फासा पुन्हा टाकायचा. कलम बावीस!" ट्रेवर.

"पंचानं आकडा सांगेपर्यंत फाशाला हात लावायचा नाही. कलम सत्तावीस!" क्लिफर्ड.

"अरे, पण आकडाच नाहीये!" मी ओरडलो.

चाळीस मिनिटं हेच चाललं. तीन अठ्ठावन्नला हॉलिसबाई परत आल्या.

"हे कोणी खात नाहीये ना?" म्हणत त्यांनी बिस्किट उचललं आणि खाल्लं.

फासा पडला. पाच!

"जिंकलो!" क्लिफर्ड.

"बाहेरच्यांनी हात लावला. बाद!" ट्रेवर.

"फाशाला कुठं लावला? बिस्किटाला लावला!"

चार वाजून अकरा मिनिटांची स्थिती अशी: टेबल सैन्यासकट बाहेर, गाड्या लावतात तिथे. पाऊस भुरभुरतोय. दोन्ही सेनापती फाशावर एकच छत्री धरून भांडताहेत. मी कलम बत्तीस लिहितोय: बिस्किटे. हॉलच्या वहीत पुढच्या शनिवारचं आमचं नाव खोडलेलं आहे.

पेन्सिलीने. पेनाने नाही, मी दोनदा आत जाऊन पाहून आलो.