मास्तरांचं तेज आणि माझं बीट

मी बीट खायला लागलो ते तब्येतीसाठी नव्हे, निव्वळ जळफळाटापोटी. (तब्येतीसाठी मी आजवर फक्त जिने टाळलेत.)

आमच्या समोरच्या दारात एक चित्रकलेचे मास्तर राहतात. वय माझ्याएवढंच, पण गालांवर असं तेज की जिन्यातला दिवा गेला तरी कुणी तक्रार करत नाही. त्या दिवशी ते आमच्या हिला सांगत होते, "वहिनी, जमिनीखालचे रंग खायचे! लाल बीट, केशरी गाजर, जांभळं रताळं. रंग जितका गडद, तितकी अँटिऑक्सिडंट्स जास्त. शरीराला आतून गंज चढत नाही."

ही घरात आली, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "हं."

"काय हं?"

"काही नाही. मास्तर किती टवटवीत दिसतात, नाही?"

बावीस वर्षांच्या संसारात हिनं मला एकदाच टवटवीत म्हटलंय. तेही टायफॉइडमधून उठल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातच बीट खायला लागलो. घरी खाल्लं असतं तर सगळं श्रेय मास्तरांना गेलं असतं! रेकॉर्ड रूममध्ये, रॅकच्या मागे उभं राहून, रोज तीन बिटं. कच्ची. एकदा हेडक्लार्कनी गाठलंच.

"पेन्शनच्या फायलीवर हे रक्त कुणाचं?"

"लाल शाई आहे, साहेब."

"आणि ओठांवर?"

"...पेन चावायची सवय आहे."

रोज आरशात बघायचो. गाल होते तसेच, ओल्या पोत्यासारखे. आणि रविवारी सकाळी रंग उगवला, पण भलतीकडेच. लघवी लालभडक!

कसाबसा पलंगावर येऊन बसलो. अशा वेळी म्हणे माणसाला देव आठवतो. मला मास्तर दिसले. माझ्या खुर्चीत बसून, माझ्या कपातून चहा पिणारे टवटवीत मास्तर.

"अगं, जरा इकडे ये," मी खोल गेलेल्या आवाजात म्हणालो. "माझ्यामागे रडत बसू नकोस. फक्त माझी खुर्ची मास्तरांना देऊ नकोस."

"खुर्ची कशाला मागतील ते? आणि तुमच्यामागे म्हणजे? काय होतंय तुम्हाला?"

मी सांगितलं. हिचा चेहरा पांढराफटक पडला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ती मला घेऊन निघाली. दवाखाना येईपर्यंत माझा हात तिनं क्षणभरही सोडला नाही. (खरं सांगतो, मरणाच्या दारात उभं राहून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.)

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

"घरचं साधंच," ही म्हणाली.

"त्यांना सांगू द्या."

मी छताकडे बघितलं. "बीट."

"किती?"

"तीन."

"आठवड्यात?"

"रोज."

"रोज तीन? कशासाठी?"

ही माझ्याकडे टक लावून बघत होती. मी हळूच म्हणालो, "तेजासाठी."

रिपोर्ट आला. रक्ताचा थेंब नाही, सगळं बीट. "काहींच्या बाबतीत रंग असा बाहेर पडतो," बाई हसू दाबत म्हणाल्या. "रंगीत भाज्या चांगल्याच, पण बेतानं. आणि सगळ्या प्रकारच्या."

बाहेर आल्यावर हिनं माझा हात सोडला आणि भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, त्या मास्तरांवर जळत होतात?"

"छे! मी कशाला जळू?"

"वेडे आहात अगदी," ती म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली की मला वाटलं, जिंकलो. मास्तर गेले उडत!

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापाशी ती थांबली. चांगली तुकतुकीत, गडद बिटं निवडायला लागली.

"अगं, आता माझ्यासाठी पुन्हा बीट नको," मी लाडात येऊन म्हणालो.

"तुमच्यासाठी कोण घेतंय? मास्तरांना देणार आहे," ती पिशवी पुढे करत म्हणाली. "निदान त्यांच्या अंगी तरी लागतं."