जानेवारीचं पान

"अहो, निदान चहा तरी घेऊन जा," बायको म्हणाली, तोवर तातडीरावांचा एक पाय बुटात आणि दुसरा दाराबाहेर गेला होता.

ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसून पाकिटांवर 'तातडीचे' असा शिक्का मारता मारता हे नाव त्यांना चिकटलं होतं, आणि ते शोभतही होतं. आज तर पायाला भिंगरीच होती. ऑफिसच्या कॅलेंडरवर कर्मचाऱ्यांनी काढलेले निसर्गाचे फोटो छापत. अकरा महिने ठरले होते, जानेवारी तेवढा उरला होता, आणि त्याची मुदत आज दुपारी बाराला संपत होती. गेली चार वर्षं जानेवारी त्याच ऑफिसातल्या साडूने बळकावला होता. साडूचं धुकं, साडूचा बगळा, साडूचं गारठलेलं गवत बघत बघत तातडीरावांना स्वतःच्या स्वयंपाकघरात महिनाभर जेवावं लागे. वर बायको म्हणे, "भाऊजींना नजर आहे हो!"

काल सहज विचारलं, तर साडू म्हणाला होता, "छे, यंदा काही सुचतच नाही." ते ऐकल्यापासून तातडीरावांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तळ्याकाठी एक बगळा ध्यान लावून उभा होता. तातडीराव इतक्या लगबगीने त्याच्याकडे निघाले की तो उडूनच गेला. पुढे वळणावरच्या घराच्या लोखंडी फाटकावर मात्र कोळ्याचं जाळं दिसलं, दवाने ओथंबलेलं. तातडीराव गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर आले. श्वासाने कॅमेऱ्याची लेन्स धुरकटली. मफलरने पुसली, पुन्हा धुरकटली. समोरच्या छपरावर ऊन पोचलं होतं. दहा मिनिटांत दव उडणार होतं.

"कोण आहे रे तिकडे?" कानटोपी घातलेले आजोबा बाहेर आले.

"फोटो काढतोय, आजोबा."

"अगं ए, फोटोवाले आलेत!"

आजी हसतच आल्या. फोटो जाळ्याचा आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "एवढ्या घरात तुम्हाला तेवढंच दिसलं?" म्हणत त्या आत गेल्या आणि झाडू घेऊनच परतल्या.

"आजी, नको! पाया पडतो!"

"पाया पडा नाहीतर लोळण घ्या. चारचौघांत माझ्या घराची शोभा नको!"

"अहो, कॅलेंडरवर येईल हे! ऑफिसच्या!"

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "कॅलेंडरवर? मग आमच्याकडे या ना. आमच्या अडगळीच्या खोलीत याच्या तिप्पट जाळी आहेत."

आजींचा झाडू हवेतच थांबला. "तुमची नुसती धुळीची लक्तरं! आमचं बघा कसं रेखीव आहे. काढा हो तुम्ही, आमचंच काढा!"

एवढ्यात ऊन फाटकावर आलं आणि थेंब एकेक करून दिसेनासे झाले. "गेलं! दव गेलं!" तातडीराव कळवळले.

"हात्तिच्या, एवढंच ना?" आजोबांनी झाडांवर पाणी मारायचा फवारा आणला.

"हळू, आजोबा, हळू..."

आजोबांनी सगळा जोर लावून फवारा दाबला. जाळं एका धाग्यावर लोंबकळलं आणि कोळी थेट आजोबांच्या बाहीवर आला. आजी किंचाळल्या. त्यांनी कोळ्यासाठी उगारलेला झाडू ओणव्या तातडीरावांच्या पाठीत बसला. त्याच क्षणी बाजूला कुठेतरी खट्ट असं वाजलं. त्यांना वाटलं, आपली कंबरच गेली.

त्या दुपारी बारा वाजले तेव्हा तातडीरावांकडे देण्यासारखा एकही फोटो नव्हता. धुरकट लेन्सचे तेवढे सतरा होते.

डिसेंबर संपता संपता कॅलेंडर घरी आलं. जानेवारीच्या पानावर सोनेरी कोवळं ऊन होतं. डावीकडे फवारा घेतलेले आजोबा, उजवीकडे झाडू उगारलेल्या आजी, आणि मधोमध चार पायांवर, तोंडातून वाफ निघत असलेले, तातडीराव. निसर्ग म्हणून आजोबांच्या बाहीवर एक कोळी होता. खाली साडूचं नाव.

पान टराटरा फाडावं असं त्यांना वाटलं. बायको हसणार, आता बहिणीला फोन करणार, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले.

बायकोने पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "चार वर्षं भाऊजींचा बगळा बघून कंटाळा आला होता बाई," ती म्हणाली. "यंदा निदान आपलं माणूस आहे." आणि तिने कॅलेंडर नेहमीच्या खिळ्यावर लावलं.

एक फेब्रुवारीला तातडीराव पहाटेच पान उलटायला धावले. बायकोने त्यांचा हात धरला.

"राहू द्या हो. एवढी काय घाई आहे?"

मार्च उजाडला तरी त्या स्वयंपाकघरात जानेवारीच चालू होता.