वानोळा पुढे ठेवावा

महामायाबाई अंगणात गुडघे टेकून, गाल जवळजवळ फरशीला लावून वजनकाटा वाचत होत्या. काट्यावर माणूस नव्हतं. काट्यावर ट्रेलरचं नाक टेकलेलं होतं.

“किती झाले?” त्यांच्या नवऱ्याने, अश्वजितरावांनी, आतून विचारलं.

“बावन्न. साठ पाहिजेत. पाण्याची कॅन अजून थोडी पुढे सरकवा.”

“मॅडम, रिटायर होऊन दोन वर्षं झाले. आता या डब्ब्याची तरी परीक्षा घेऊ नका.”

“परीक्षा रस्ता घेते. मी फक्त सराव करून घेऊन राह्यली.”

आत काहीतरी घासत सरकलं. काटा थरथरला आणि साठावर येऊन थांबला. महामायाबाई उठल्या, गालाची माती पुसली आणि एखाद्या हुशार मुलीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी त्या निळ्या पत्र्यावरून हात फिरवला.

डब्बा डोणगावच्याच कचरूने बनवला होता. कचरूचा जन्म ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात गेला होता. महामायाबाईंनी त्याला पट्टीने आखून चित्र दिलं होतं: दोन चाकं, एक पलंग, छोटा ओटा, पुढे रुंद खिडकी आणि बाजूला दार. कचरूने चित्र भिंतीला चिकटवलं, रोज आदराने पाहिलं आणि दार मागे बसवलं. “मॅडम, दार मांगंच असते,” तो म्हणाला. “बाजूनं कोणी माल भरते काय?” शिवाय चोराचिलटांचं भेव म्हणून त्याने खिडक्यांना घट्ट जाळ्या ठोकल्या. त्या त्याच्याकडून भेट होत्या.

दोन चाकांच्या गाडीत ओझं चाकांच्या पुढे जरा जास्त लागतं. एकूण वजनाचा दहावा हिस्सा जीपच्या आकड्यावर टेकला, की गाडी शहाण्यासारखी मागे येते. ओझं मागे गेलं की शेपूट हलवू लागते. तीस वर्षं आठवीला तरफ शिकवताना महामायाबाईंनी फळ्यावर शेकडो तरफा काढल्या होत्या, पण स्वतःची, निळ्या रंगाची, आत झोपता येईल अशी तरफ त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

तिचं कारण होतं बीबीच्या पुढचा एक तलाव. खूप वर्षांपूर्वी शाळेची सहल नेताना, मुलांच्या डोक्यांच्या फटीतून, बसच्या खिडकीत तो क्षणभर दिसला होता. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात नारिंगी रंगाचे चक्रवाक बसले होते. बस पुढे गेली. महामायाबाई मात्र तिथेच राहिल्या. झोप लागण्यापूर्वी त्या रोज तिथे जाऊन येत. त्यांच्या घरी पहाटेपासून दाराशी कुणीतरी असायचंच, शिकवणीची पोरं, दूधवाला, पाहुणे. एक सकाळ अशी हवी होती, की डोळे उघडावेत, समोर ते पाणी असावं आणि दारातून कुणी “मॅडम!” अशी हाक मारू नये.

आणि ती सकाळ आजच्या प्रवासावर अवलंबून होती. त्याला कारण अश्वजितरावांची मोठी बहीण, मेहकरच्या सिंधूताई. त्यांनी डब्बा पाहिला त्या दिवशी चार लोकांत सांगितलं होतं, “या खुराड्यात तुम्ही एक रातही काढणार नाही. अर्ध्या रात्री मले फोन कराल.” अश्वजितराव फुशारकीत म्हणाले होते, “फोन केला, नाहीतर दिवस निघायच्या आधी वापस आलो, त डब्बा तुमच्या प्रसेनजितचा.” प्रसेनजितला पोह्यांची गाडी टाकायची होती. त्याने तिथल्या तिथे आतल्या ओट्यावर खडूने एक मोठं वर्तुळ काढलं. “मामी, तवा इथं बसते.” ते वर्तुळ अजून तसंच होतं. पैज संपेपर्यंत पुसायचं नाही, असं ठरलं होतं.

मेहकरपर्यंत डब्बा पाण्यावर नाव सरकावी तसा आला.

“जय भीम, ताई. पाणी पिऊन निघतो.”

“बसा त खरं!” सिंधूताई म्हणाल्या. “बीबीवरून चालले, खाली डब्बा घेऊन, अन् माह्या पोरीले काहीच नेणार नाही? लोक काय म्हणतीन?”

“ताई, डब्बा खाली नाही हो. त्यात वजनाचा हिशेब आहे.”

“वानोळ्याचं काय वजन असते माय?”

शेतात नवं काही निघालं की नात्यातल्या घरी पाठवायचं, तो वानोळा. तो नाकारता येत नाही आणि त्याला वजन आहे असं म्हणणं तर फारच वाईट दिसतं. महामायाबाई चहा संपवून बाहेर आल्या तेव्हा दार लावलेलं होतं. आत दाराशी तुरीच्या शेंगांचं एक पोतं होतं आणि पोत्याला टेकून एक दगडी पाटा, वरवंट्यासकट.

“मिक्सरची चटणी सुवर्णाच्या सासूले जमत नाही,” सिंधूताई म्हणाल्या. “अन् पाहजा, फोन सुरू ठेवजा. रात्री लागन तुमाले.”

मेहकर मागे पडलं आणि डब्बा डुलू लागला. महामायाबाईंना आरशात तो निळा चौकोन दिसत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पाळण्याच्या लयीत. कपाशीची पांढरी रानं त्याच्या मागून हळूहळू येत-जात होती. दृश्य इतकं सुंदर होतं की त्या क्षणभर बघतच राहिल्या.

“मॅडम, स्टेअरिंग मले न विचारता फिरून राह्यलं!”

“थांबवा. हळूहळू. ब्रेक दाबू नका, वेग सोडा.”

लिंबाखाली जीप थांबली. काटा नाकाखाली गेला. वीस. मग दोघांनी मिळून पाटा उचलला, पलंगावरून ओढला आणि पार खिडकीखाली नेला. पोतंही नेलं. अश्वजितराव घामाघूम होऊन पलंगावर बसले. “लग्नात तुमच्या माहेरचं कपाट उचललं होतं, त्यानंतर आजच.” काटा पुन्हा साठावर आला, कॅनमधलं थोडं पाणी सांडून द्यावं लागलं इतकंच.

बीबीला सुवर्णा दारातच उभी होती. मामा-मामींना पाणी दिलं आणि तिच्या घरच्यांनी पोतं, पाटा, वरवंटा झटक्यात उतरवून नेलं. महामायाबाईंना बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की उतरलं ते सगळं पुढून उतरलं.

आणि तेवढ्यात पोतं परत आलं. भरून.

“सुवर्णा, हे काय?”

“मामी, मोकळं पोतं कसं वापस देऊ? आई काय म्हणन?”

पोत्यात हरभरा होता. त्यामागून तिच्या सासूबाई मनकर्णाबाई आल्या, दोन्ही काखांत दोन कोहळी घेऊन. “विहीणबाईनं पाटा धाडला,” त्या म्हणाल्या, “त बदल्यात कायतरी वजनदारच पाह्यजे ना. आणखी चार हायेत. थांबा.”

“मावशी, पुढच्या कपाटात ठेवता का?”

पुढचं कपाट महामायाबाईंनी सेंटिमीटरमध्ये मोजून करून घेतलं होतं. कोहळं मात्र कुणाच्या मापाने वाढलेलं नव्हतं. सहाही कोहळी दाराशी ओळीने बसली, बसमध्ये जागा धरून बसावीत तशी. डब्बा डोणगावला परत जाणार हे कळल्यावर शेजारणीही आल्या. कुणाची नणंद डोणगावला, कुणाचा भाऊ मेहकरला. गुळाची भेली, बोरांची पिशवी, वड्यांचा डबा. ज्याला त्याला दार मागेच सापडत होतं.

“ओ बाप्पा,” अश्वजितराव हळूच म्हणाले, “आता तुमचा काटा रडन.”

महामायाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुवर्णाच्या बोअरवर नळी लावली आणि खिडकीखाली रिकामी ठेवलेली पाण्याची दोन पिंपं काठोकाठ भरली. पाणी ही त्यांची शेवटची युक्ती होती. काटा चढत गेला. पंचेचाळीस, पन्नास, साठ. सुवर्णा बघतच राहिली. “मामी, तुम्ही आमाले शाळेत असंच शिकवलं असतं त मी पास झाली असती.”

सूर्य कलताना ते तलावावर पोचले. पाणी तसंच होतं, बसच्या खिडकीत दिसलेलं. फक्त आता ते पुढे सरकून जात नव्हतं. त्यांनी डब्बा काठाशी उभा केला, नाक पाण्याकडे. जीप सोडवली. नाकाखाली टेकू लावला. मागच्या बाजूलाही टेकू लागतो. त्यासाठी महामायाबाईंनी दोन लाकडी ठोकळे आणले होते. अश्वजितरावांनी ते काढून बाहेर ठेवले आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या वावरातून कापूस वेचून परतणाऱ्या बाया तिथे आल्या.

“पाणी हाय काय वं बाई? दिवसभऱ्याची तहान हाय.”

ज्या घरात पाणी नाकारलं गेल्याची गोष्ट आजोबांपासून सांगितली जात होती, त्या घरात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती. महामायाबाईंनी पिंपाची तोटी सोडली. बाया प्यायल्या, तोंडं धुतली, उद्यासाठी बाटल्या, कळश्या भरून घेतल्या. दोघी म्हाताऱ्यांना बसायला अश्वजितरावांनी ठोकळे दिले. तलावावर नारिंगी उजेड पसरला होता आणि पलीकडच्या काठावर तसल्याच नारिंगी रंगाचे पक्षी उतरत होते. दुसरं पिंप कधी रिकामं झालं ते महामायाबाईंना कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या काट्याकडे न बघता काहीतरी ओतत होत्या.

बाया गेल्या. अंधारू लागलं. महामायाबाई आत गेल्या. मागोमाग अश्वजितराव शिरले आणि थंडी फार म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

अश्वजितराव चांगले भरलेले गृहस्थ होते.

आवाज काहीच झाला नाही. म्हैस पाण्यात बसते तसा डब्बा मागे बसला. पलंग तिरपा झाला, दोघं दाराकडे घसरले आणि सहा कोहळ्यांत जाऊन रुतले. दार खालून जमिनीत रुतलं होतं.

“काय झालं बे हे?”

“उलाळ झाली,” महामायाबाई दोन कोहळ्यांमधून म्हणाल्या. “ठोकळे कुठे आहेत?”

“बाहेर. त्या आज्जीले बसाले दिले होते.”

“आणि पाणी पाजलं मी,” त्या म्हणाल्या. त्यांना हसू आलं.

दार उघडेना. जाळ्या कचरूने प्रेमाने ठोकलेल्या होत्या. महामायाबाईंनी हिशेब केला. कोहळी पुढे नेता येईनात, सोडलं की गडगडत परत येत होती. मग दोघं रांगत खिडकीशी गेले. डब्बा किंचित उचलला, विचारात पडला आणि पुन्हा खाली बसला.

“थोडंसंच कमी पडतं,” महामायाबाई म्हणाल्या. “दहाएक किलो. तुम्ही डाएट करायला नको होतं.”

“तुम्हीच कराले लावलं!”

तेवढ्यात फोन वाजला. सिंधूताई.

“काय चाललं? प्रसेनजितले धाडू काय घ्याले?”

अश्वजितराव एका पायाने गुळाची भेली अडवून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने ओट्यावरच्या खडूच्या वर्तुळाकडे पाहिलं आणि फोन घेतला.

“नको, ताई. आम्ही आरामात पडलो आहोत.”

“पडले? इतक्या लवकर?”

“हो. एकदमच पडलो.”

ती रात्र त्यांनी तिरपी काढली, पाय कोहळ्यांना टेकून. पुढची खिडकी आता आभाळाकडे तोंड करून होती. तलाव तिच्या खाली कुठेतरी होता, दोन हातांवर आणि दिसत नव्हता. इतकी वर्षं वाट पाहिलेलं पाणी कोहळ्यांपायी हुकलं, याचं महामायाबाईंना थोडा वेळ वाईट वाटलं. मग त्या चौकोनात चांदण्या इतक्या दाटून आल्या, की वाईट वाटायचं राहून गेलं.

पहाटे त्या जाग्या झाल्या तेव्हा खिडकी राखाडी होती. आणि तिच्यातून, अगदी डोक्यावरून, चक्रवाक जात होते. पोटाखालून, पंखांच्या पांढऱ्या बाजूने दिसत होते. सरळ उभ्या डब्ब्यातून ते कधीच असे दिसले नसते.

“अहो, उठा,” त्या कुजबुजल्या. दोघं रांगत खिडकीला जाऊन नाक लावून बसले. डब्बा किंचित उचलला, विचारात पडला.

बाहेर बांगड्या वाजल्या.

“बाई, हाय काय वं आत? हे दार त मातीत गेलं यायचं. कुठं ठेवावं?”

“ठेव ना पुढच्या दांड्यावर. उलिसा हरभरा अन् तुरीच्या शेंगा हायेत, बाई. काल पाणी पाजलं तुमी. वानोळा हाय.”

दांड्यावर एक गाठोडं आलं. मग दुसरं. आणि डब्ब्याचा विचार झाला.

नाक हळूहळू खाली येऊ लागलं. खिडकीतून आभाळ वर सरकत गेलं, पक्षी वर गेले, पलीकडची टेकडी आली, बाभळी आल्या, आणि मग धुकं, आणि धुक्याखाली सगळंच्या सगळं पाणी. नाक टेकूवर टेकलं. तलाव खिडकीत सरळ उभा राहिला.

वानोळा आज पहिल्यांदा कुणीतरी पुढे ठेवला होता.

“तिथंच राहू द्या!” महामायाबाई जाळीतून म्हणाल्या. “हात लावू नका त्याले!”

बाया हसल्या आणि समोरच्याच वावरात वेचणीला लागल्या. सिंधूताईंचा फोन आला तेव्हा पाण्यावर ऊन उतरलं होतं.

“काढली काय वं रात?”

“काढली, ताई. दिवस निघाला. प्रसेनजितला सांगा, तव्याला दुसरी जागा पाहा.”

ओटा हाताच्या अंतरावर होता. महामायाबाईंनी बसल्या जागेवरून पदराच्या टोकाने खडूचं वर्तुळ पुसलं. अश्वजितराव चहासाठी उठू लागले.

“मागे जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दाराकडे गेलात की पुन्हा आभाळ.”

“मंग? बाहेर कसं निघाचं? हाक मारू काय बायाईले? ठोकळे लावतीन मांगून.”

महामायाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. दारापर्यंत त्यांना जाता येत नव्हतं, आणि दारातून कुणाला त्यांच्यापर्यंत येता येत नव्हतं.

“मारू,” त्या म्हणाल्या. “थोड्या वेळानं.”