निकालाचा सीन

न्यायाधीश व्हायला काय लागतं? काळा कोट, चष्मा आणि खाकरून बोलण्याची सवय. तिन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या! एकतीस वर्षं मी कोर्टात पेशकार होतो, म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात खाली बसून लोकांना पुढची तारीख सांगायची. त्यामुळे आमच्या दीक्षितपुऱ्यातला सौमित्र सिनेमा काढतो म्हणाला आणि जज कोणाला करू असं विचारायला आला, तेव्हा मी त्याला दुसरं नाव सुचूच दिलं नाही.

सिनेमा हिंदी, आणि कोर्टाचाच. रंगाच्या कारखान्याने वस्तीच्या विहिरी नासवल्या, माणसं आजारी पडली, वस्तीने खटला भरला आणि जिंकला. शेवटी निकाल माझ्या तोंडी. एकच वाक्य.

"एका वाक्यासाठी सदर बाजारात जाऊन कोट शिवला?" माझी बायको कुंदा म्हणाली.

"अवं, सगळा सिनेमा त्याच वाक्यावर उभा आहे."

सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यात कोर्ट थाटलं होतं. मी उंच खुर्चीत बसलो, ऐटीत खाली पाहिलं, आणि तिसऱ्या बाकावर सत्यवतीबाई दिसल्या. माझी ऐट तिथेच संपली.

त्यांच्या वस्तीचा पाण्याचा खटला खराखुरा होता. अकरा वर्षं मी त्यांना तारखा दिल्या. आधी नवऱ्याबरोबर यायच्या. मग नवरा त्याच पाण्याने गेला आणि त्या एकट्या येऊ लागल्या. मी रिटायर झालो, खटला चालूच राहिला.

चहाच्या वेळी मी विचारलं, "तुम्ही इकडे कशा?"

"गर्दीत बसायला बोलावलं, बाबूजी. या पिच्चरमध्ये वस्ती जिंकून राहिली म्हणे. एकदा कानानं ऐकून जाते. झूठा का असेना."

मी कप खाली ठेवला. ठरवलं, असा निकाल देऊ की बाईंना जन्मभर पुरेल.

सौमित्रने इशारा केला. मी खाकरलो. सत्यवतीबाई पदर सावरून पुढे झुकल्या, अगदी पूर्वीसारख्या. आणि माझी जीभ आपली आपण चालली.

"अगली तारीख, सत्रह."

सगळे खो खो हसले. सत्यवतीबाई हसल्या नाहीत. सवयीने उठल्या, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाल्या. त्यांना परत बोलवावं लागलं.

"काका, तारीख नाही, फैसला देना है," सौमित्र म्हणाला.

दुसऱ्यांदा मी अठ्ठावीस तारीख दिली. तिसऱ्यांदा वकील गैरहजर असल्याचं जाहीर केलं. वकील समोर उभा होता! सहाव्या वेळी सौमित्र डोकं धरून बसला. लोक हसत होते आणि मला रडू येत होतं. या बाईंना मी आयुष्यात दुसरं काही दिलंच नव्हतं.

सातव्यांदा पंख्याकडे पाहत बोललो, "यह अदालत कारखाने को दोषी मानती है."

मग सत्यवतीबाई उभ्या राहिल्या. "ऐकलं का हो?" बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेला त्यांनी विचारलं, आणि हमसून रडू लागल्या.

"कट! काकू, बीचमध्ये काहून उठल्या? टेक गेला ना. तुम्ही बाहेर बसा, प्लीज."

आठवा टेक त्यांच्याशिवाय झाला. एकदम पास. टाळ्यासुद्धा पडल्या.

बाहेर त्या पायरीवर बसल्या होत्या. "बाबूजी, तो मघाचा निकाल कायम राहिला ना?"

त्यांनी ऐकलेला तो निकाल सिनेमात नसणार, हे कसं सांगू? एकतीस वर्षांच्या अनुभवातून एकच शब्द सापडला.

"त्याला स्थगिती आली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना यात नवीन काही नव्हतं. उलट मलाच समजावत म्हणाल्या, "असू द्या. तुमच्या हातात काय असते?"

त्या दिवशी तर मी जज होतो.