पाटणकरांच्या बाजूचा खड्डा

खड्डा दिसला की माणसं गाडी वळवतात. आमचे शेजारी पाटणकर गाडी नेमकी खड्ड्यात घालत. कळंबोलीच्या रस्त्यावर लोखंडाच्या ट्रकांनी त्यांची भरपूर सोय करून ठेवली होती.

"बघा हं वहिनी," म्हणत ते उजवं चाक खाली सोडत, "ह्या चाकाचं त्या चाकाला कळतसुद्धा नाही."

रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा होत्या, ही बातमी सोसायटीत कुणालाही चुकली नाही. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आले आणि थेट ओट्यावरचं लाटणं उचललं. "ही जीप. दोन्ही चाकं एका दांड्यावर. हे टोक उचललं की ते तिरकं." मग दोन हातांत दोन डाव. एक वर, एक स्थिर. "ही आपली गाडी." बायका वाण धरून उभ्या, आणि मला मसाला दूध वाढायला डाव हवे होते.

त्यांच्या पत्नी सुमनताईंना कंबरेचं दुखणं. एस.टी.ने कामोठ्याला बहिणीकडे जाऊन आल्या की आठवडाभर अंथरुणात. शेवटी जाणंच सोडलं होतं. गाडी आल्यावर दर गुरुवारी जाऊ लागल्या, पुढे डावीकडे, पाठीला निळी उशी लावून. मी बाजाराची यादी घेऊन मागे.

एकदा विचारलं, "भाऊजी, दर वेळी उजवंच चाक का?"

"उजवं काय, डावं काय. स्प्रिंग तीच."

"खड्डा चुकत नसला की स्वतःच्या बाजूने घेतात," सुमनताई म्हणाल्या. "आपटतात स्वतः, कौतुक स्प्रिंगचं."

"तुला धक्का बसला?"

"नाही."

"मग झालं तर."

सुमनताई गेल्या. गाडी बरेच दिवस झाकलेलीच होती. मग एका गुरुवारी खाली हॉर्न वाजला.

"कामोठ्याला चाललोय. तिची बहीण वाट बघत असेल. तुमची यादी तयार असेलच."

मी पुढचं दार उघडलं. सीटवर निळी उशी होती. दार लावून मी मागे बसले.

वळणावर रस्ताभर खड्डे. पाटणकरांनी उजवं चाक घातलं. त्यांचं डोकं टपाला लागता लागता राहिलं. उशी जागची हलली नाही.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कळलंसुद्धा नाही तिला."

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "अजिबात नाही."