उणे चार

"मेल्या चौकटीला मीच जन्माला घातलं आणि माझंच ऐकत नाही!"

योगिनीताई कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममधल्या एका चौकटीकडे बघून पुटपुटल्या. मागे उभ्या असलेल्या लताबाईंनी चहा हळूच टेबलावर ठेवला आणि काढता पाय घेतला.

सातपूरमधल्या त्या छोट्या वर्कशॉपचं ऑफिस योगिनीताईच सांभाळायच्या. डेटाबेस त्या मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकल्या होत्या, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. सकाळीच त्यांनी मालकांना, म्हणजे संतोषशेठना, ऐटीत सांगितलं होतं, "जन्मतारीख भरा, निवृत्तीला किती वर्षं उरली ते फॉर्म स्वतःच काढेल! कुणी बोटं मोजायची नाहीत!"

फॉर्मनं काढलं. सगळ्यात जुने कारागीर चिंतामणकाका, त्यांच्या नावापुढे उमटलं, उणे चार.

"फॉर्म चुकलाय," संतोषशेठ म्हणाले.

"पण शेठ, तारीख दाखल्यावरचीच..."

"चुकलाय म्हटलं ना! दुरुस्त करा."

चुकला नव्हता, काकांचं निवृत्तीचं वय चार वर्षांपूर्वीच उलटलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. संतोषशेठना लेथ मशीन चालवायला शिकवलं ते काकांनीच. आता मात्र काकांनी मशीनवर कातलेला प्रत्येक जॉब शेजारच्या मशीनवरचा किशोर गुपचूप पुन्हा मोजायचा. गेल्या खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेचा नारळ काकांनी दगडाऐवजी संतोषशेठच्या बुटावर फोडला, तेव्हाही सगळ्यांनी नारळालाच नावं ठेवली होती.

पण आपोआप हिशेब करणारी ती चौकट हातानं टाकलेला आकडा घेईना. मग योगिनीताईंनी आतलं सूत्रच पुसलं आणि काकांपुढे शून्य टाकलं. बसलं! त्या आनंदात त्यांनी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावायला दिली, सगळ्यांनी आपापली जन्मतारीख तपासावी म्हणून. सूत्र गेल्यावर ती चौकट सगळ्या नावांना मिळून एकच झाली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तेच शून्य अख्ख्या यादीपुढे उमटलं होतं!

थोड्याच वेळात ऑफिस ट्रॅफिकमधल्या द्वारका चौकासारखं तुंबलं.

"मॅडम, मी रिटायर? माझा अजून साखरपुडा व्हायचाय!" मयुरेश ओरडला.

"वर्कशॉप बंद होतंय वाटतं!" म्हणत समर्थनं बायकोला फोनसुद्धा लावला.

"अहो, यात माझंही नाव आहे!" संतोषशेठ प्रिंट नाचवत आले. "मला कोण रिटायर करतंय?"

योगिनीताईंनी सूत्र परत लिहिलं. मयुरेशला चौतीस वर्षं परत मिळाली, समर्थला वीस. काकांपुढे पुन्हा उणे चार.

"काकांचंच तेवढं चुकतंय," कुणीतरी घाईनं म्हणालं. "हो, हो, कॉम्प्युटरच तसला," बाकीच्यांनी री ओढली. आपल्या फॉर्मला सगळ्यांदेखत खोटं पाडलं जात होतं, आणि योगिनीताईही मान डोलवत होत्या.

तेवढ्यात दारातून हे ऐकत, हात पुसत काकाच आत आले. स्क्रीनला नाक लागेपर्यंत वाकले. "किशोर, माझ्यापुढे काय लिहिलंय रे?"

"चांगलंच आहे, काका."

काका सावकाश सरळ झाले. सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

"पोरांनो, योगिनीचा फॉर्म बरोबर आहे. मला माप दिसत नाही आता. किशोर माझ्यामागे मोजतो, तेही मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणी बोलेना, म्हणून मीही गप्प." चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "मी काम थांबवतो आता. आणि यंदाचा नारळ दुसऱ्या कुणी फोडा. संतोषचे बूट नवे आहेत."