उदय पडला तेव्हा

"मामा, एक प्रॉमिस द्या. आज मला पडायला सांगायचं नाही," उदयनं गाडीतच बजावलं.

"छे रे! पडण्याचं नाव कोण काढतंय?" शशिधरमामा म्हणाले, आणि मनातून थोडे चपापले.

उदय टोरांटोचा. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून नाटकात शिरला, एका जाहिरातीत शिडीवरून पडला आणि पुढे कॅनडाच्या पडद्यावर जन्मभर पडतच राहिला. तलावात, लग्नाच्या केकवर, सरकत्या जिन्यावरून. नायक कोणी दुसराच असायचा. हा शेजारी, वेटर किंवा नवरीचा काका. पडायचं, "आय थिंक आय'म हर्ट" म्हणायचं आणि उठून ऐटीत केस सारखे करायचे. लोक त्याच्यावर बेहद्द खूश असत. पण आता साठी आली होती. गेल्या वर्षी आई गेली, म्हणजे मामांची आशाताई. टोरांटोच्या शोकसभेत उदयनं बोलायला नुसतं तोंड उघडलं, तर मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. तेव्हापासून त्याची एकच इच्छा होती: कोणी न हसता आपण आईबद्दल बोलावं. आणि मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलावं.

म्हणून तर मामांनी त्याला इंग्लंडमधल्या लीड्सच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. मामा हाडांचे डॉक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी ही शाळा जीव लावून चालवली होती. मुलांना शिकवायचं तर आधी हसवावं, हा त्यांचा अनुभव. त्यामुळे पाहुण्यांची ओळख करून देताना त्यांनी महिनाभर दर शनिवारी उदयचं एकेक पडणं वर्गात दाखवलं होतं. हे उदयला सांगायचं मात्र राहून गेलं.

हॉलमध्ये शिरताच छोट्या अन्वीनं मामांचा कोट ओढला.

"सर, तो कधी पडणार?"

"तो नाही गं, ते. आणि ते आज पडणार नाहीत. बोलणार आहेत."

"मग आला कशाला?" अन्वीनं विचारलं.

सत्काराची शाल खास पुण्याहून मागवलेली, चांगली लांबरुंद. ती उदयच्या खांद्यावरून सारखी घसरू लागली, तेव्हा मामांनी स्वतः सेफ्टी पिनेनं ती त्याच्या कोटाला पक्की केली. हातात नारळ दिला. पाहुणा ऐसपैस बसावा म्हणून खुर्चीही प्रेमानं पुढे सरकवली. खुर्चीचा मागचा पाय शालीच्या टोकावर आला, हे कोणालाच दिसलं नाही.

"आता उदयजी आपल्या आईविषयी दोन शब्द बोलतील," अध्यक्ष मालविकाताई म्हणाल्या.

उदय उठला. शाल उठली नाही. एका हातात नारळ होता, त्यामुळे उदय दुसऱ्या हातावर आदळला. नारळ स्टेजवरून गडगडत पहिल्या रांगेत गेला.

हॉल हशानं नुसता फुटला. मुलं खुर्च्यांवर चढली.

"आय थिंक आय'म हर्ट," उदय कळवळून म्हणाला.

मग तर विचारायलाच नको. सभागृहातले निम्मे लोक डॉक्टर. तेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"काय टायमिंग आहे हो! या वयात!" भूल देण्यात हयात घालवलेल्या मालविकाताई म्हणाल्या. "वन्स मोर!"

"मामा, खरंच लागला मला," उदय पुटपुटला.

"पुरे रे आता! शेवटी केलंसच ना? गुलाम!" मामा हसून हसून बेजार झाले होते. त्यांनी पुढे होऊन त्याला उठवलं. नेमका तोच हात धरून.

उदयनं जी किंकाळी फोडली, ती त्याच्या कोणत्याही सिनेमात नव्हती. प्रेक्षक बेहद्द खूश झाले. मामांच्या बोटांना मात्र मनगटात काहीतरी नको तिथे हललेलं जाणवलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आतून पार विझलं.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेच्या पडद्यावर मोडलेलं हाड दाखवलं.

"पडल्यावर कोणी तपासलं नाही?"

"तिथे... डॉक्टर होते," मामा म्हणाले. किती आणि कोणते, ते सांगण्याचं धैर्य त्यांना झालं नाही.

प्लास्टरसाठी थांबायचं होतं. आजूबाजूला भाजलेली, कापलेली, कंटाळलेली माणसं. मामा मान खाली घालून म्हणाले, "उदय, तुझं भाषण राहिलं रे. मला म्हणून दाखवतोस?"

उदय उठला. सवयीनं सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

"माझी आई माझ्या सगळ्या सिनेमाला यायची," तो अडखळत म्हणाला. "थिएटर हसायचा. ती नाही हसायची. मी पडलो की अंधारात मोठ्यानं विचारायची, 'लागलं का रे?' मला लाज वाटायची. मी सांगितलं, आई, तू येऊ नकोस. मग ती आली नाही. आता मी पडतो, सगळे हसतात. कोणी विचारत नाही."

आज हा प्रश्न विचारायला सगळ्यात जवळ कोण उभं होतं, ते मामांना ठाऊक होतं. आणि आता विचारून उपयोग नव्हता. उत्तर आत एक्स-रेच्या पडद्यावर झळकून गेलं होतं.

खोली चिडीचूप होती. समोरच्या गोऱ्या आजींनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "लव्हली, दॅट वॉज, लव्ह." दोघातिघांनी हळूच टाळ्याही वाजवल्या.

उदयचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "मामा, पाहिलं? कोणी हसला नाही!"

'अरे, इथे कोणाला मराठी कळतंय?' हे मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि भाच्यासाठी चहा आणायला उठले.